गाईला घातलेल्या चपात्या

माझ्या आजारपणाची हकिकत माझ्याखेरीज सर्वांनी सांगून झाली आहे. निपाणीला माझी थोरली बहीण सांगते की सुनेने मला उपाशी ठेवले. मुलगा अभिजित मित्रांना सांगतो की बाबा हट्टी असले तरी धीराचे आहेत. सून केतकी कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिते की बाबांनी सगळ्या तपासण्या हसत हसत करून घेतल्या. यांतली एकही हकिकत खरी नाही. मी हसलो नाही, मला धीर नव्हता, आणि उपाशी तर मी मुळीच राहिलो नाही.

बेंगळुरूच्या एका यंत्रकारखान्यात तपासणी विभागात मी चौतीस वर्षे काढली. स्वतःविषयीचे चुकीचे कागद फिरताना पाहणे अशा माणसाला जमत नाही. म्हणून हे लिहितो. ज्यांच्या आतड्याचा तुकडा आज कुठल्यातरी बाटलीत पडून आहे आणि जे उत्तराची वाट पाहत आहेत, त्यांच्यासाठीही लिहितो. त्यांना माझ्याकडून दिलासा मिळेल असे मला वाटत नाही. माझी एक चूक त्यांच्याकडून टळली तरी पुरे.

भाकरी

त्याच शहरात, येलहंक्याच्या जुन्या भागात माझे घर आहे. पत्नी सुमन होती तोपर्यंत या घरात दोन्ही वेळा जोंधळ्याची भाकरी होत असे. आम्ही निपाणीकडची माणसे. चपाती सणाला किंवा पाहुण्यांसाठी. तीन वर्षांपूर्वी सुमन गेली आणि महिन्याभरात अभिजित आणि केतकी एचएसआर लेआउटमधला भाड्याचा फ्लॅट सोडून माझ्याकडे राहायला आले. ते आपण होऊन आले, असे मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. ते खोटे आहे. मी बोलावले म्हणून ते आले.

केतकी पुण्याची. तिची नोकरी महादेवपुऱ्यात, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी सातच्या आत घर सोडण्यापूर्वी ती माझ्यासाठी चार चपात्या आणि भाजी डब्यात भरून ठेवते. ती त्यांना पोळ्या म्हणते. पोळ्या चांगल्या असतात, हेही मी येथे नोंदवतो.

वर्षभरात माझे पोट बिघडले. दिवसातून सहा-सात वेळा जावे लागे. पोट नगाऱ्यासारखे फुगे आणि विजार मात्र कमरेवर राहत नसे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी जंतांचे औषध दिले, मग आमांशाचे, मग 'वय झाले' असे सांगितले. मला कारण माहीत होते, किंवा माहीत आहे असे मी ठरवले होते. एका रविवारी जेवताना मी ते बोलून दाखवले.

"तुझ्या चपात्या सुरू झाल्या आणि माझे पोट गेले."

केतकीने चमचा खाली ठेवला. "म्हणजे मी काय घालते बाबा त्यात?"

"मी वस्तुस्थिती सांगतो आहे."

"बाबा, स्वल्प विचार करून बोला," अभिजित म्हणाला. तो या शहरात वाढला. त्याच्या मराठीत कानडी अशी डोकावते. "ती पाचला उठते तुमच्यासाठी. आणि तुमची वस्तुस्थिती प्रत्येक वेळी दुसऱ्याच्याच चुकीची कशी असते?"

केतकी ताटावरून उठली. तिच्या रडण्याचा आवाज मोरीतून येत राहिला. मी हात धुतले आणि जाहीर केले की या घरात जेवणाविषयी यापुढे मी एक शब्दही काढणार नाही. तो शब्द मी पाळला. बहीण त्याला माझा संयम म्हणते. तो संयम नव्हता, सूड होता. गप्प बसून माणसाला किती छळता येते, हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे.

मला चक्कर आली नव्हती

केतकीच्या मामेभावाने एचएसआर लेआउटमध्ये घर घेतले. त्याच्या वास्तुशांतीला मला चक्कर आली, असे सर्व नातेवाईक मानतात. मला चक्कर आली नव्हती.

पूजा संपून पंगती मांडल्या जात होत्या. पोटात कळ आली. न्हाणीघराच्या दाराबाहेर तीन बायका आणि एक लहान मुलगी रांगेत उभ्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने पुढे होऊन 'मला आधी जाऊ द्या' म्हणायला हवे होते. मी म्हणालो नाही. भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि उभ्या उभ्या माझा पायजमा भरला.

केतकी पुरणाचे ताट घेऊन समोरून येत होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, ताट कुणाच्यातरी हातात दिले, अंगावरची शाल काढून माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि मोठ्याने ओरडली, "बाबांना चक्कर येतेय, सरका, सरका!" मग माझ्या कानाशी म्हणाली, "डोळे मिटा बाबा. माझ्यावर भार टाका."

मी डोळे मिटले. तिने मला आतल्या खोलीत नेले, दार लावले आणि अभिजितला हाक मारली. ती शाल तिच्या आईची होती. पुढे ती मी घरात पाहिली नाही.

ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही, अभिजितनेही नाही. आज मीच ती लिहीत आहे, कारण तिचे खोटे माझ्या भल्याचे होते आणि मी पुढे जे खोटे बोललो ते नव्हते. तिला मी कधी 'बरे केलेस' एवढेही म्हणालो नाही. उलट तिने मला तसे पाहिले, याचा राग माझ्या मनात बसला.

गंगव्वा

त्या आठवड्यातच अभिजितने मोठ्या इस्पितळातल्या पोटाच्या डॉक्टरांची वेळ मागितली. ती मिळायला अवकाश होता. तोवर मी माझा मार्ग काढला.

बाजाराच्या मागे एक खानावळ आहे. विजापूरकडची गंगव्वा नावाची बाई ती चालवते. पातळ, कडक, जोंधळ्याच्या रोट्या, शेंगदाण्याची चटणी आणि एण्णेगायी, म्हणजे भरली वांगी. दोघे कामावर गेले की मी डबा पिशवीत घालून बाहेर पडत असे. आधी तळ्यावर जायचे. तेथे बंधाऱ्याशी एक तांबडी गाय बांधलेली असते. चारही चपात्या तिला घालायच्या, भाजी वाटेतल्या कुत्र्यांना, आणि मग गंगव्वाकडे.

"अज्जा, इन्नोंदु?" ती रोटी उचलून विचारी. आणखी एक?

"साकु," मी म्हणे. पुरे.

"साकु म्हणणाऱ्याचं अंग बघा! सून घालत नाही काय जेवायला?" बाकीची गिऱ्हाइके हसत, त्यांत निपाणीकडचीही असत. मी तिचे म्हणणे खोडून काढले नाही. माझ्या बहिणीला उपासमारीची हकिकत कुठून मिळाली, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पंधरा दिवसांत जुलाब थांबले. मी जिंकलो होतो, आणि हे सांगण्याची मला सोय नव्हती. वजन मात्र परत येईना. जिना चढताना दोनदा बसावे लागे.

संध्याकाळी केतकी डबा धुताना विचारी, "मऊ राहिल्या होत्या का बाबा पोळ्या?"

"बऱ्या होत्या," मी म्हणे. तीन महिने मी तिला रोज हे उत्तर दिले.

टेस्ट पीस

पोटाचे डॉक्टर तरुण आणि सावकाश बोलणारे निघाले. रक्त फारच कमी झाल्याचा कागद त्यांच्यासमोर होता. त्यांनी माझे पोट दाबले, पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारले, "रोज काय खाता?"

मी तोंड उघडण्यापूर्वी केतकीने उत्तर दिले. "दुपारी चार पोळ्या, भाजी. संध्याकाळी ताकभात." तिने ते अभिमानाने सांगितले. सासऱ्याकडे आपण लक्ष देतो, हे कुणालातरी तिला दाखवायचे होते.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "बरोबर?"

मी मान हलवली. बरोबर.

त्यांनी चार चपात्या लिहून घेतल्या. मग म्हणाले की दुर्बिणीने आत पाहून आतड्याचे चार-पाच तुकडे काढावे लागतील. कारणे दोन-तीन असू शकतात. त्यांतले एक आपल्याला आधी वगळायला हवे. त्याचे नाव त्यांनी घेतले नाही. अभिजितने टेबलाची कड घट्ट धरली, त्यावरून मला नाव कळले.

तपासणीच्या दिवशी मी भूल नाकारली. अभिजित त्याला हिंमत म्हणतो. भूल दिली तर पुन्हा जाग येणार नाही, अशी मला भीती वाटत होती. कवळी काढून स्टीलच्या वाटीत ठेवली. मागून उघडा राहणारा तो हिरवा झगा मला बांधता येईना. अभिजितने नाड्या बांधल्या, लहानपणी त्याच्या शाळेच्या बुटांच्या मी बांधत असे तशा. घशात फवारा मारला आणि नळी आत गेली. ओकाऱ्यांनी मी पिळवटून गेलो. एक नर्स माझ्या खांद्यावर तळवा ठेवून "स्वल्प, स्वल्प, आयतु" असे पुटपुटत राहिली. थोडेच, झाले. ते झाले नव्हते, पण तो तळवा ऊबदार होता. त्या दिवसातली तेवढी एक गोष्ट मी अजून जपून ठेवली आहे.

नंतर मी बाटली पाहायला मागितली. माणसाच्या पोटातला तुकडा काढला तर त्याला तो पाहण्याचा हक्क आहे. तंत्रज्ञ कंटाळला, तरी त्याने दाखवली. पाण्यासारख्या द्रवात कण्या तरंगाव्यात तसे चार-पाच कण. लेबलावर माझे वय पंचाहत्तर लिहिले होते.

"चौऱ्याहत्तर," मी म्हणालो. "बदला."

"सर, बारकोड आहे. चालतं."

"मला चालत नाही."

त्याने बदलले. मी समाधानाने परत पलंगावर पडलो. आणि पडल्या पडल्या मला कारखान्यातला एक माणूस आठवला.

ओतकामाचे भाग आमच्याकडे येत तेव्हा प्रत्येक खेपेबरोबर त्याच धातूचा एक तुकडा येई, टेस्ट पीस. तो आम्ही तोडून पाहायचो. त्याच्याबरोबर एक चिठ्ठी असे: धातू कधी ओतला, नंतर तापवला का, किती वेळ. चिठ्ठी अपुरी असेल तर मी तुकड्याला हात लावत नसे, कारण इतिहास ठाऊक नसलेला तुकडा काहीच सांगत नाही. एका ओतशाळेच्या मालकाने एकदा तुकडा तेवढा वेगळा तापवून, मऊ करून पाठवला. तुकडा पास होईल आणि खेप निघून जाईल, असा त्याचा बेत होता. मी ते पकडले आणि सगळ्या विभागासमोर त्याला चोर म्हणालो. तो हात जोडून उभा होता.

लेबलावरचे एक वर्ष दुरुस्त करणारा मी, बाटलीबरोबर खोटी चिठ्ठी पाठवून बसलो होतो. त्या क्षणी मी उठून सांगू शकलो असतो. डॉक्टर शेजारच्या खोलीत होते. मी कवळी बसवली आणि घरी आलो.

वाट

पाच दिवसांनी अहवाल येईल असे सांगितले होते. सहाव्या दिवशी फोन आला की काही वेगळे रंग लावून पाहायचे आहे. मग आणखी एका वरिष्ठांना त्या तुकड्यांच्या काचा दाखवायच्या आहेत. फोन अभिजितच्या मोबाइलवर येत, आणि तो घेताना तो गच्चीत जाई. मी त्याची पाठ वाचायला शिकलो. खांदे उतरले म्हणजे अजून नाही. मान खाली गेली म्हणजे त्यांनी काहीतरी विचारले आहे.

माझ्याकडे कारखान्यातून आणलेला एक व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी, आहे. रोज सकाळी मी त्याने माझे मनगट मोजू लागलो. आकडा वहीत लिहायचा. आकडे खालीच जात होते. लग्नातली अंगठी बेसिनमध्ये गळून पडली, तेव्हा मी तिला दोरा गुंडाळला. चार दिवसांनी आणखी दोरा.

या काळात धीर कसा धरावा, हे मला कुणी विचारू नये. मी धरला नाही. देवापुढे बसलो, पण मागणे सुचेना, कारण जे मागायचे त्याच्या आधी जे सांगायला हवे होते ते मी सांगत नव्हतो. सुमनच्या साड्यांचे कपाट उघडून त्यात तोंड घालून उभा राहिलो. मरणाला मी भीत नाही, असे मी साठीपासून सांगत आलो आहे. तीही माझीच एक खोटी हकिकत.

तुम्ही म्हणाल, मग तेव्हा तरी का सांगितले नाही? मी स्वतःला उत्तर दिले होते: जुलाब थांबले म्हणजे कारण चपातीच, म्हणजे मोठा आजार नाही, म्हणजे अहवाल चांगलाच येणार, आणि मग सांगण्याची गरज नाही. तपासणी विभागातल्या माणसाने एवढा कच्चा हिशेब केला.

निकाल

अखेर आम्हाला बोलावले. डॉक्टर कागद दोनदा वाचून बोलू लागले, इंग्रजीत, म्हणजे आम्हा तिघांनाही कळेल असे. आतड्याचे अस्तर काही ठिकाणी झिजलेले आहे, काही ठिकाणी ठीक आहे. गव्हातला चिकट अंश काहींच्या आतड्याला सोसत नाही. तो आजार असावा असा त्यांना आधी संशय होता. पण रोज चार चपात्या खाणाऱ्याचे अस्तर याहून पुष्कळ खराब दिसायला हवे, आणि रक्तातली खूणही याहून ठळक हवी. ती काठावर आहे. मग एवढे वजन आणि रक्त गेले कुठे? तेव्हा त्यांना आतड्याच्या कर्करोगाकडे अधिक गंभीरपणे पाहावे लागेल. पुढच्या तपासण्या मोठ्या आहेत. कदाचित पोट उघडूनही तुकडा घ्यावा लागेल.

केतकीने ओढणी तोंडाशी नेली. अभिजित म्हणाला, "कधी करायचं?"

तेव्हा मी बोललो. कानडीत बोललो. केतकीला कानडी येत नाही. दुकानातले 'सरी', म्हणजे ठीक, आणि रिक्षातले 'स्वल्प' एवढेच तिला येते. ती सोय माझ्यापुढे होती आणि मी ती वापरली, हेही लिहून ठेवतो.

"चपात्या मी खात नाही," मी म्हणालो. "तीन महिने झाले. जोंधळ्याची रोटी खातो, बाहेर."

अभिजितने मान वळवून माझ्याकडे पाहिले. तो ओरडला असता तर मला बरे वाटले असते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "तपासणीच्या आधीपासून?"

"हो."

"सर, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

ते माझ्यावर चिडले नाहीत. ते केतकीकडे वळले आणि तिला कळेल अशा इंग्रजीत त्यांनी सगळे पुन्हा सांगितले, कारण घरात स्वयंपाक ती करते असे त्यांनी धरले होते. गहू बंद केला की आतडे हळूहळू सावरते. सावरत असलेल्या आतड्याचा तुकडा आजार लपवतो. म्हणून हा अहवाल काहीच सांगत नाही. कर्करोग आहे असे नाही आणि नाही असेही नाही. आता सहा ते आठ आठवडे रोज गहू खायचा, त्रास झाला तरी त्यांच्या देखरेखीखाली खायचा, आणि मग पुन्हा तुकडे काढायचे. तोवर दुसरे कारण असेलच तर ते आपल्यासाठी थांबणार नाही, हे त्यांनी वेगळे सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती.

गाडी हेब्बाळच्या पुलावर आली. मग मागच्या सीटवरून केतकी म्हणाली, "मी रोज विचारत होते बाबा, मऊ राहिल्या होत्या का."

मी अंगठीवरचा दोरा फिरवत बसलो.

"रोज तुम्ही म्हणायचात, बऱ्या होत्या." मग विचारले, "कुणाला घालत होतात?"

"गाईला."

"चला," ती म्हणाली, "तिला तरी आवडल्या." आणि ती हसली की रडली, हे मी मागे वळून पाहिले नाही, त्यामुळे सांगू शकत नाही.

एकोणिसावा दिवस

माझ्यासारखे जे कुणी असतील त्यांना एवढेच सांगतो. तपासणीच्या आधी आपल्या मनाने काही सोडू नका, काही सुरू करू नका, आणि केले असेल तर सांगा. घरातल्या माणसांसमोर सांगवत नसेल तर त्यांना बाहेर बसवा आणि सांगा. डॉक्टर तुकडा पाहतात. त्याचा इतिहास तुमच्याजवळ असतो.

दुसऱ्या दिवशी केतकीने कणीक मळायला नकार दिला. "ज्यानं त्रास होतो ते मी स्वतःच्या हातानं कसं वाढू?" मी म्हणालो, मी लाटीन. मी लाटलेली चपाती पाहून तिने लाटणे माझ्या हातातून काढून घेतले. आता ती सकाळी लवकर करते आणि मी खाऊन होईपर्यंत समोर बसते. ऑफिसला उशीर होतो. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि नसावाच.

मी एक तक्ता आखला आहे. तारीख, किती चपात्या, किती वेळा शौचाला, मनगटाचे माप. खाली मी सही करतो आणि शेजारी तिची. पहिल्या पाच दिवसांतच जुलाब परत आले. मनगट पुन्हा उतरते आहे. ते गव्हामुळे की त्या दुसऱ्या कारणामुळे, हे तक्ता सांगू शकत नाही. चिठ्ठी पूर्ण भरली म्हणून सदोष ओतकाम निर्दोष होत नाही, हे मी नोकरीत शेकडो लोकांना ऐकवले आहे.

सकाळी तळ्यावरून जातो तेव्हा ती तांबडी गाय दावे ताणून पुढे येते आणि माझे रिकामे हात हुंगते. मी तेथे थांबत नाही.

आज एकोणिसावा दिवस. केतकीने पहिली चपाती ताटात घातली आणि सवयीने विचारले, "मऊ आहे का?"

मी घास चावला. "कड जाड राहिली आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. "अजून काय?"

"मीठ कमी आहे. आणि त्या दिवशी, वास्तुशांतीला, तू शाल गुंडाळलीस ते..."

"खा तुम्ही," ती म्हणाली, आणि उठून तव्याकडे गेली.

दुसरी चपाती तिने कडेपर्यंत पातळ लाटली. तीही मी पूर्ण खाल्ली. अर्ध्या तासात ती पोटातून निघून गेली, आणि आम्ही दोघांनी तक्त्यावर सही केली.